चार्ज कुणाकडे होता

अण्णा, गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरला आहे. तुझे दिवस झाले, कडोलीची माणसं कडोलीला गेली, शेजारणींनी आणून दिलेले डबे परत करून झाले. आता या शहापुरातल्या खोलीत मी एकटी आहे आणि मला कुणाची भीड नाही. रडून झालं आहे. आता भांडायचं आहे, तर भांडायला तू नाहीस. ही तुझी जुनीच तऱ्हा. जिथं मला उत्तर हवं असायचं तिथूनच तू उठायचास. कधी पाणी प्यायला, कधी जानवं बदलायचं राहिलं म्हणून, कधी नुसताच.

परवा निपाणीला जाऊन आले. तिथं काय झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. पण ते सांगायचं तर पहिल्यापासून सांगायला हवं. तुझी बाजू तू मला कधी सांगितली नाहीस, आणि माझी बाजू तू कधी शेवटपर्यंत ऐकली नाहीस.

मी कपाळ पुसून माहेरी परत आले तेव्हा मला धड वेणी घालता येत नव्हती. काकांनी दुसऱ्याच दिवशी ठरवलं की ही आता चुलीपाशी आणि गोठ्यात. तू तेव्हा बेळगावला शिकत होतास. शनिवारी दुपारी चालत कडोलीला यायचास, पायांवर गुडघ्यापर्यंत तांबडी धूळ. पाय धुवायच्या आधी मला हाक मारायचास आणि पाटी घेऊन बस म्हणायचास. काका ओसरीवरून ऐकत असायचे. एकदा ते म्हणाले की पोरीला इंग्रजी शिकवून काय कलेक्टर करणार काय रं. तू मान वर न करता म्हणालास, "मास्तरीण करणार."  मास्तरीण केलीस. आज मी जे दोन घास खाते ते त्या शनिवारांचे आहेत. हे मी विसरलेले नाही. रागाच्या भरातसुद्धा विसरलेले नाही.

पण आपलं भांडण सुरू झालं तेही त्याच ओसरीवर.

वाचनाच्या पुस्तकात एक वाक्य होतं. एक दाई आपल्या चार्जला घेऊन बागेत फिरत होती. 'चार्ज' हा शब्द मला आधीपासून ठाऊक होता. कुणाला नव्हता? नवा तलाठी आला की गावात म्हणायचे, चार्ज घेतला. जुना गेला की म्हणायचे, चार्ज दिला. चार्ज म्हणजे अधिकार, एवढं मला कळत होतं. मी मोठ्या ऐटीत अर्थ सांगितला की दाई आपला अधिकार घेऊन बागेत फिरत होती. तू एवढा हसलास की आतून आई बघायला आली.

मग तू समजावलंस. तुला शब्द समजावताना बघणं हा माझ्या आयुष्यातला एक सोहळा होता, तो आता संपला. तू म्हणालास की या शब्दाच्या बुडाशी एक गाडी आहे. गाडीवर चढवलेलं ओझं, तो चार्ज. दाईच्या हातात मूल सोपवलं, तर ते मूल हाच तिचा चार्ज. मामलेदार चार्ज घेतो म्हणजे तालुक्याचं ओझं डोक्यावर घेतो, लोकांना मात्र वाटतं की गादीवर बसला. फौजदार एखाद्यावर चार्ज ठेवतो म्हणजे आरोपाचं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवतो. बंदूक चार्ज करतात म्हणजे तिच्यात बार भरतात, तेही ओझंच. मी विचारलं, आणि लाठीचार्ज? बेळगावात झालेल्या लाठीमाराच्या बातम्या तेव्हा गावात ताज्या होत्या. तू म्हणालास, भरलेली गाडी उतारावरनं सुटली तर कशी येईल अंगावर, तसं.

मी म्हटलं, म्हणजे गाडीवर बसलेल्यानं त्याला ओझं म्हणायचं, आणि गाडीखाली येणाऱ्यानं काय म्हणायचं? तुला हे आवडलं नाही. तू म्हणायचास, शब्दाचा पहिला अर्थ सांभाळण्याचा आहे, मारण्याचा अर्थ मागनं चिकटला. मी म्हणायचे, पहिला कुठला आणि मागचा कुठला याच्याशी आमचं काय देणंघेणं, ज्याच्या हातात चार्ज असतो त्याच्या हातात काठी असते, आम्हाला काठी दिसते. हे भांडण आपण किती वर्षं केलं अण्णा. भाकरी थापताना केलं, बैलगाडीत केलं, निपाणीच्या घरात दिवाबत्ती करताना केलं.

त्यातच एकदा मी विचारलं होतं, "आपल्या वडिलांनी, आबांनी, जाताना माझा हात तुझ्या हातात दिला. मग मी तुझी कोण? चार्ज?"

"व्हय. तूच की," तू म्हणालास.

"मी गाठोडं न्हाय, अण्णा."

तू हसून विषय सोडलास. मी सोडला नव्हता. तुला वाटायचं की ज्याला सांभाळायचं त्याला काही सांगायची गरज नसते. मूल दाईला कुठं विचारतं, बागेत का आणलंस म्हणून? वहिनी होती तेव्हा तिच्याशीही तू असाच वागलास. तिचं दुखणं किती वाढलंय ते डॉक्टरांनी तुला सांगितलं, तू तिला सांगितलं नाहीस, मला सांगितलं नाहीस. एकटा घेऊन फिरलास. ती गेली तेव्हा तिला वाटत होतं की ती दसऱ्याला माहेरी जाणार आहे.

निपाणीला तुला इंग्रजी शाळेत नोकरी लागली, मला मुलींच्या मराठी शाळेत. ती वर्षं बरी गेली. तंबाखूच्या वखारींचा वास पहिल्या वर्षी ठसका आणायचा, मग नाकाला कळेनासा झाला. तुझ्या वर्गात आसपासच्या गावांची पोरं चालत यायची. बोरगावचा शंकर त्यातलाच. लांब हातापायांचा, स्पेलिंगमध्ये कच्चा, तोंडानं फटकळ. तुझा लाडका, हे तू कधी कबूल केलं नाहीस. हेडमास्तरांच्या खालोखाल तूच जुना मास्तर. हेडमास्तर हसतमुख माणूस. कुणाशी वाकडं नाही. कमिटीतले शेठ आले की त्यांच्याशी व्यापाराचं बोलायचे, साहेब आला की हवापाण्याचं.

बेचाळीसचा ऑगस्ट आला. मुंबईच्या बातम्या आल्या, पाठोपाठ बेळगावच्या. पोरं वर्गात बसायला तयार नव्हती. अशात एका सकाळी हेडमास्तर आपल्या घरी आले. त्यांच्या गावी आई आजारी होती, त्यांना तातडीनं निघायचं होतं. मी चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ते तुला म्हणाले, "शाळेचा चार्ज आता तुमच्याकडं. सह्या, शिक्के, साहेबांना काय कळवायचं ते, सगळं तुम्हीच बघा." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. चहा त्यांच्या हातात दिला तेव्हा ते मला म्हणाले, इंदूबाई, अण्णांवर शाळा टाकून जातोय, मला आता घोर नाही.

ते गेल्यावर मी तुला म्हटलं की हे पळाले. तू म्हणालास, त्यांची आई आजारी आहे. मी म्हटलं, या महिन्यात सगळ्या जिल्ह्यातल्या हेडमास्तरांच्या आया आजारी पडल्यात वाटतं. तू कोट घातलास आणि शाळेत गेलास.

पुढचं सगळं मला लोकांनी सांगितलं. मी पोचले तेव्हा शेवट झाला होता. पोरं झेंडा घेऊन बाजारात जायला निघाली होती. तू त्यांना थांबवलं नाहीस, पाठवलंही नाहीस. म्हणालास, जायचं तर रांगेत जा, लहान वर्गातल्यांना आत ठेवा. तेवढ्यात फौजदार शिपाई घेऊन फाटकाशी आला. पोरं शाळेच्या आवाराबाहेर पडता कामा नयेत आणि चिथावणाऱ्यांची नावं ताबडतोब हवीत, असा त्याला वरून हुकूम होता. तू फाटकात उभा राहिलास. तो म्हणाला, मास्तर, बाजूला व्हा, रस्त्याचा बंदोबस्त माझ्याकडे आहे. तू म्हणालास, "आणि पोरं माझ्याकडं."

एवढंच. मग शिपाई सुटले.

आमच्या शाळेपर्यंत आरडाओरडा ऐकू आला. मी पोरींना आत कोंडून धावत आले. तू फाटकाच्या खांबाशी बसला होतास, उजवा हात मांडीवर असा ठेवला होतास की तो दुसऱ्या कुणाचा असावा. टोपी कुठं पडली होती कोण जाणे. बोरगावच्या शंकरला दोघांनी उचलून नेलं, त्याचा गुडघा फुटला होता. तू मला बघून म्हणालास की बारकी पोरं मागच्या दारानं घरी सोडायला हवीत. हाताचं नावही काढलं नाहीस. हाडवैद्यानं हात बांधला, तो वाकडाच जुळला. त्यानंतर तू खडू डाव्या हातात धरायला शिकलास, आणि तुझं ते देखणं अक्षर गेलं.

मग चौकशी लागली. बेळगावाहून शिक्षण खात्याचे साहेब आले. कमिटी बसली. हेडमास्तर परत आले होते, आई बरी झाली होती. शाळेत कुणाच्या हुकमानं पोरं बाहेर पडली, फौजदाराचं कुणी ऐकलं नाही, याला जबाबदार कोण, असा प्रश्न होता. मी पातळ बदलून तयार झाले. मी साक्ष देणार होते. जे ऐकलं तेवढं सांगणार होते, एक शब्द जास्त नाही. तू म्हणालास, तू यात पडू नकोस. तरी मी आले आणि शाळेच्या पिंपळाखाली उभी राहिले. आत मला कुणी बोलावलं नाही.

हेडमास्तर आत काय म्हणाले ते तूच मला घरी येताना सांगितलंस, अगदी शांतपणे, वर्गात धडा सांगावा तसं. ते म्हणाले की शाळेचा चार्ज त्यांनी कुणाकडेच दिला नव्हता. जाताना अण्णांना एवढंच म्हटलं होतं की पोरांवर लक्ष असू द्या. इंग्रजीत बोलताना त्यांनी चार्ज हाच शब्द वापरला, म्हणे. पोरांचा चार्ज. म्हणजे नुसती देखरेख. शाळेच्या वतीनं काही ठरवायचा, फौजदाराला अडवायचा अधिकार अण्णांना नव्हता. तो त्यांनी आपल्या मनानं घेतला.

साहेबांनी तुला विचारलं, हे खरं का. आणि तू म्हणालास, खरं. पोरं माझ्याकडे होती. शाळा माझ्याकडे नव्हती.

मी भर बाजारात थांबले. तंबाखूच्या गाड्या चालल्या होत्या, एक गाडीवान आमच्यावर ओरडला. मी म्हटलं, "ते धडधडीत खोटं बोलले, आणि तू हो म्हणालास?"

तू म्हणालास, "शब्दाचा पहिला अर्थ तोच हाय, इंदू."

अण्णा, त्या वाक्यासाठी मी तुला कधी क्षमा केली नाही. तुझी नोकरी गेली. ठरावात असं आलं की नसलेला अधिकार गाजवून तू पोरांना संकटात घातलंस. ज्या पोरांसाठी तू हात मोडून घेतलास त्यांनाच. आणि तू मला शब्दाचा पहिला अर्थ सांगत होतास. मला वाटलं, या माणसाला माझ्याशी चाललेला जुना वाद जिंकायचा होता, त्यापायी घर घालवलं. मला वाटलं, याला हेडमास्तरांच्या डोळ्याला डोळा देऊन खोटं म्हणायचं धैर्य नाही आणि त्यावर हा विद्वत्तेची शाल पांघरतोय. मी तुला भित्रा म्हटलं. ते शब्द मी आज मागं घेत नाही. मला जे दाखवलंस त्यावरून मी बोलले. दुसरं काही तू दाखवलं नाहीस.

आपण बेळगावला, या शहापुरातल्या खोलीत आलो. मी इथल्या मुलींच्या शाळेत लागले. खालच्या मजल्यावर माग खडखडत असायचे आणि वर तू डाव्या हातानं पोरांना अक्षरं गिरवून द्यायचास. निपाणीचं कुणी आलं की तू आनंदानं विचारपूस करायचास, हेडमास्तरांचीसुद्धा. मी पाणी द्यायचे आणि आत जायचे. विषय मी पुन्हा पुन्हा काढला. सणाच्या दिवशी काढला, साध्या दिवशी काढला. तू दर वेळी उठलास.

आषाढात तुला ताप आला. डॉक्टर विषमज्वर म्हणाले. मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते आणि, लोकांना हे ऐकून वाईट वाटेल, त्यातही मी विचारलं. म्हटलं, "अण्णा, तू हो का म्हणालास, आता तरी सांग." तू डोळे उघडलेस. तुला प्रश्न कळला होता. तू म्हणालास, "बरा झालो की सांगतो."

बरा झाला नाहीस.

तू गेल्यावर थोड्याच दिवसांत स्वातंत्र्य आलं. आमच्या शाळेत पोरींनी गाणी म्हटली, मला साखर वाटायचं काम दिलं होतं. मी वाटली. मग निपाणीहून निरोप आला की तुझ्या शाळेत शोकसभा ठेवली आहे, बहीण म्हणून मी यावं.  त्या फाटकातून मी पुन्हा आत गेले. पताका अजून तशाच होत्या, पावसानं त्यांचे रंग भिंतीवर उतरले होते. मला बायकांच्या बाजूला पुढं बसवलं. टेबलावर तुझा फोटो, कुठून मोठा करून आणला होता कोण जाणे, तुझ्यासारखा दिसत नव्हता.

हेडमास्तर बोलायला उठले. अंगात खादी, डोक्यावर टोपी. माणूस तोच, हसूही तेच. तुझं इंग्रजी, तुझा स्वभाव, तुझा त्याग. मग ते म्हणाले की बेचाळीसच्या त्या धामधुमीत मला गावी जावं लागलं, पण मी निश्चिंत होतो, कारण शाळेचा चार्ज मी विश्वासानं अण्णांच्या हाती दिला होता. आणि त्या विश्वासाला ते जागले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या.

मी उठले.  मी म्हटलं, "हे वाक्य चौकशीच्या दिवशी तुम्हाला आठवलं नव्हतं. तेव्हा तुम्ही म्हणाला होता, चार्ज दिलाच नव्हता. मी चहा घेऊन दारात उभी होते."

 हेडमास्तर हात जोडून म्हणाले की इंदूबाई दुःखात आहेत, आपण सगळेच दुःखात आहोत. अध्यक्षांनी घाईनं घोषणा केली की अण्णांचा फोटो हॉलमध्ये कायमचा लावण्यात येईल. मी अजून उभीच होते. म्हटलं, फोटो लावायच्या आधी त्याला बडतर्फ केल्याचा ठराव मागं घ्या. कमिटीनं केला, कमिटीनं मोडावा. तोवर हा फोटो इथं लागणार नाही. ते म्हणाले, पुढच्या बैठकीत विचार करू. मी टेबलापाशी गेले, फोटो उचलला आणि बाहेर आले. माझी मला लाज वाटली नाही. तुला वाटली असती.

पिंपळाखाली कुणीतरी हाक मारली. लंगडत एक तरुण माणूस आला. मी ओळखलं नाही. तो म्हणाला, "आक्का, मी शंकर. बोरगावचा." आता तो एका वखारीत कामाला आहे. मिशा आल्यात. फोटो त्यानं माझ्या हातातून घेतला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला. त्याचे डोळे लाल झाले होते. म्हणाला की आत तुम्ही बोलला ते बरं केलं, पण एक गोष्ट तुम्हाला ठाऊक न्हाय. सरांनी शपथ घातलती. आता सरच न्हाईत.

मग त्यानं सांगितलं. त्याच्या शब्दांतच सांगते.

"चौकशीच्या आदल्या दिवशी आमी तिघं सरांकडं गेलतो. तुमी शाळंत होता. आमी म्हटलं, सर, आमीच जाऊन आमची नावं सांगतो, तुमची नोकरी जायला नको. सर म्हणाले, गुमान घरला जावा. उद्या मी म्हणलो का शाळेचा चार्ज माझ्याकडं होता, तर शाळेचा मुख्य म्हणून साहेब माझ्याकडं नावं मागणार. मी देणार न्हाय. मग शाळंची मान्यता जाणार, आणि समदी पोरं घरला बसणार. चार्ज माझ्याकडं नव्हता म्हटलं, तर मुख्य त्या दिवशी गावातच नव्हता. नावं सांगणार कोण? एका मास्तराचं काय व्हायचं ते हुईल."

मला मग सगळं कळलं. हेडमास्तर आपली कातडी वाचवायला खोटं बोलणार हे तुला ठाऊक होतं. ते खोटं तू उचललंस आणि त्याखाली पोरं झाकलीस. शंकर मॅट्रिक झाला. बाकीचेही झाले. शाळा उघडी राहिली, आणि हेडमास्तरांची खुर्चीही.

मी शंकरला विचारलं, "मला का सांगितलं न्हाय त्यानं?"

तो खाली बघत म्हणाला, "सर म्हणाले, इंदूला कळू देऊ नका. तिला राग आवरत न्हाय. ती सरळ हेडमास्तरांच्या दारात जाऊन उभी ऱ्हाईल, आणि समदं बाहेर पडंल."

अण्णा, तुला पोरांवर विश्वास होता. त्या फटकळ शंकरवर होता, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. त्यानं एवढी वर्षं तोंड उघडलं नाही. आणि माझ्यावर नव्हता. मी तुझ्याकडून पहिलं अक्षर शिकले, एका घरात राहिले, तुझा हात बांधलेला असताना तुला घास भरवला. तू मला एक वाक्य सांगू शकला नाहीस. मी हेडमास्तरांच्या दारात गेले असते, हे खरं आहे. तू पाठीमागून येऊन, नको इंदू, असं म्हणाला असतास तर मी परत आले असते, हेही खरं आहे. पण तसं करायचं तर मला खरं काय ते सांगावं लागलं असतं, माझं ऐकून घ्यावं लागलं असतं. त्यापेक्षा मी तुला भित्रा समजून त्याच घरात राहावं, हे तुला सोपं वाटलं. वहिनीला तू तिचं दुखणं सांगितलं नाहीस, मला तू तुझं धैर्य सांगितलं नाहीस. ज्यांना तू सांभाळलंस त्यांना तू एकटं ठेवलंस. तुझा तो पहिला अर्थ, सांभाळण्याचा, त्यातही एक काठी असते. ती मला लागली. तुला कुणी मारलं ते साऱ्या गावानं पाहिलं. मला लागलं ते कुणाला दिसलं नाही.

हे सगळं मनात येत असताना, पिंपळाखाली, मला तुझा इतका अभिमान वाटला की मी खाली बसले. शंकर घाबरला, पाणी आणायला धावला, त्या मोडक्या पायानं. मी पाणी प्याले. तो म्हणाला, चिडू नका सरांवर. मी म्हटलं, चिडणार. तुझे सर आहेत, माझा भाऊ आहे.

वाद संपला असं समजू नकोस. तू मेलास म्हणून मी तुझं म्हणणं मान्य करणार नाही. तू पोरांसाठी जे केलंस त्यापुढं मी डोकं टेकते, आणि माझ्याशी जे केलंस त्याचा जाब मागते. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी करता येतात. तुला हे कधी जमलं नाही, तुला एकच काहीतरी लागायचं.

पुढच्या महिन्यात कमिटीची बैठक आहे. मला बोलावणं नाही. मी जाणार आहे. आता कुणाची नावं कुणी मागणार नाही, कुणाची मान्यता जाणार नाही, साहेब बोटीत बसून गेले. तेव्हा आता खरं काय ते उघड्यावर यायला काही हरकत नाही. शाळेचा चार्ज त्या दिवशी तुझ्याकडे होता, हे त्यांनी तिथं लिहायचं, आणि हेडमास्तरांनी समोर बसून ऐकायचं. शंकर म्हणाला, आक्का, मी येतो संगं. म्हटलं ये, पण बोलणार मी. पहिली बैठक त्यांनी टाळली तर दुसरीला जाईन. फाटक लावलं तर फाटकाबाहेर उभी राहीन. हेडमास्तर घरी बसले तर त्यांच्या दारात जाईन.

मला आवरणारं आता कुणी नाही, अण्णा. जायच्या आधी याचा विचार करायला हवा होतास.